भालेकरांची पंगत

भालेकरांचं नाव निघालं की मला आधी चमचा आठवतो. ऑफिसच्या किचनमध्ये साखरेचा डबा होता आणि त्यात स्टीलचा एक चमचा. भालेकर तो साखरेतून काढत, चहा ढवळत, मग डोळे मिटून चाटत आणि परत साखरेत खोचून ठेवत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कप हातात तसाच राहिला. मी म्हटलं, अहो, ड्रॉवरमध्ये दुसरे चमचे आहेत. ते हसून म्हणाले, अगं, आपलीच तर माणसं आहेत सगळी. तेव्हापासून मी बिनसाखरेचा चहा पिते, आणि लोकांना वाटतं मला डायबेटिस आहे.

दिनकर भालेकर कॉव्हेंट्रीत माझे सहकारी होते. आमच्या कंपनीची मिडलंड्समध्ये बरीच केअर होम्स, म्हणजे वृद्धाश्रम, आहेत. त्यातल्या सगळ्यात मोठ्या होमच्या मागच्या अंगाला, तळमजल्यावर, आमचं ऑफिस. आयटीत मराठी आम्ही दोघंच. मी हेल्पडेस्कला, आणि भालेकर नेटवर्कला. मी पुण्याहून व्हिसावर आले तेव्हा एअरपोर्टवर घ्यायला तेच आले होते, आणि वाटेत गाडीत त्यांनी मला वांग्याची भाजी आणि पोळी खायला दिली होती. हे सांगायलाच हवं, कारण इथल्या मराठी मंडळातले लोक अजूनही त्यांच्याबद्दल गहिवरून बोलतात ते अशाच गोष्टींमुळे. मला गहिवरून बोलता येत नाही. मला त्या माणसाची किळस होती आणि अजून आहे.

ते नेमकं काय काम करत हे थोडं सांगते. कम्प्युटर असो, प्रिंटर असो, भिंतीवरचं एखादं यंत्र असो, त्यात एक नेटवर्क कार्ड असतं आणि त्या कार्डाला पत्ता लागतो. चार आकडे, मधे टिंबं. पत्ता नसेल तर ते यंत्र मुकं आणि बहिरं. दोघांना एकच पत्ता दिला, तर एकाचा निरोप दुसऱ्याला जातो आणि दोघांचीही पंचाईत होते. म्हणून बहुतेक ठिकाणी हे काम सर्व्हरवर सोडून देतात. कार्ड जोडलं की ते पत्ता मागतं, सर्व्हर मोकळा असेल तो देतो आणि कोणाला काय दिलं हे लक्षातही ठेवतो. त्यात माणसाला हात लावावा लागत नाही.

भालेकरांना नेमकं तेच खुपायचं. त्या पद्धतीला ते बुफे म्हणत. हातात प्लेट घेऊन भटकायचं, जागा मिळेल तिथे उभ्याने खायचं, ही काय रीत झाली? आपल्याकडे पंगत. पाट मी मांडणार, कोणाला कुठे बसवायचं ते मी ठरवणार. आणि खरंच, कंपनीतल्या प्रत्येक कार्डाचा पत्ता ते स्वतःच्या हाताने टाइप करून बसवत. डायरेक्टर लोकांना पहिले आकडे. त्यांच्यानंतर मॅनेजर. मग ऑफिस, मग प्रिंटर आणि प्रिंटरच्याही खाली सफाईच्या सुपरवायझरबाईंचा लॅपटॉप. त्या आकड्यांनी कोणाच्या कामात काडीचा फरक पडत नाही, पण भालेकरांच्या मनात तो मान होता. माझं कार्ड त्यांनी जुन्या फॅक्सशेजारी बसवलं होतं. शेजार शांत आहे, म्हणाले.

पत्ता ईमेलवर मागितलेला त्यांना चालत नसे. माणसाने येऊन मागितलं पाहिजे. फायनान्समध्ये अनिया नावाची मुलगी नवीन लागली, तेव्हा ती बिचारी बंद लॅपटॉपसमोर दिवसच्या दिवस बसून राहिली. मी तीनदा आठवण केली, तर म्हणाले, तिला कुठे गरज आहे, गरज असती तर आली असती. शेवटी कोणीतरी सुचवल्यावरून ती डोनट्सचा खोका घेऊन आली. भालेकर लगेच उठले, तिच्या खुर्चीत जाऊन बसले, स्क्रीन दिसू नये म्हणून कोपर आडवं केलं आणि मिनिटाभरात पत्ता बसवून दिला. मॅनेजरांच्या रांगेतला दिला. उठले तेव्हा तिच्या कीबोर्डवर डोनटची साखर होती आणि खुर्ची गरम. तिने दोन्ही वाइप्सने पुसून काढलं ते मी पाहिलं, आणि मला एकदम हायसं वाटलं की आपण एकट्याच नाही.

नखंही ते कीबोर्डवरच कापत. टकटक आवाज सुरू झाला की आम्ही ओळखायचो, आज सोमवार.

कोणाला काय दिलंय हे त्यांनी कधी कुठे लिहून ठेवलं नाही. सगळं डोक्यात. बोटाने कानशील ठोकून ते म्हणत, सर्व्हर इथे आहे. नवा पत्ता मोकळा आहे की नाही हे बघायची त्यांची रीतही ठरलेली होती. त्या पत्त्यावर एक हाक पाठवायची. तिला आमच्या धंद्यात पिंग म्हणतात. उलट उत्तर आलं तर जागा भरलेली, नाही आलं तर मोकळी. मी एकदा म्हटलं की अहो, कडी वाजवली आणि कोणी ओ दिली नाही म्हणून घर रिकामं आहे असं कसं समजायचं? मशीन नुसतं बंद असेल. त्यावर त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं. पाठीवर त्यांच्या चिवड्याचा तेलकट हात उमटला. म्हणाले, माझ्या पंगतीत कोण बसलंय ते मला पाठ आहे, तू तुझं बघ.

मंडळात मात्र ते वेगळेच. गणपतीत शाळेचा हॉल घेतात, तिथे ते खरीखुरी पंगत वाढत. कमरेला उपरणं, हातात वरणाचं भांडं, तोंडात प्रत्येकाचं नाव. कोणाला गोड चालत नाही, कोणाच्या सुनेचं बाळंतपण झालंय, सगळं लक्षात. लोक म्हणत, असा माणूस मिळायचा नाही. मी ताटात बघत जेवायचे, कारण वरणाची वाटी सांडली की ते बोटाने निपटून चाटत आणि तेच बोट पुढच्या पानावर मीठ वाढायला वापरत.

आणि लीलाकाकू. त्या आमच्या होममध्ये पहिल्या मजल्यावर राहत. तरुणपणी लग्न करून इथे आल्या, फार्मसीचं शिक्षण इथे पुन्हा घेतलं आणि आयुष्यभर गावातच, फोल्सहिलच्या बाजूला, औषधांच्या दुकानात काम केलं. कोणाला कोणती गोळी, किती ताकदीची, कशासोबत चालत नाही, हे त्यांना ऐंशी ओलांडल्यावरही जसंच्या तसं आठवे. गोळ्यांची नावं सांगत, माणसाचं नाव मात्र त्यांनी कधी तोंडातून काढलं नाही. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, गुडघे गेले, तरी त्या हसून म्हणत, डोकं शाबूत आहे ना, मग मी आहे. मी लंचमध्ये बरेचदा त्यांच्याकडे जाऊन बसायचे. खिडकीतून कारपार्क आणि चेरीचं एक झाड दिसायचं.

मरणाची त्यांना भीती नव्हती. भीती होती ती वरच्या मजल्याची. दुसऱ्या मजल्याच्या दाराला कोड असतो. ज्यांना काही आठवेनासं होतं त्यांना तिथे नेतात, चांगलं सांभाळतात, पण ते दार आतून उघडत नाही. लिफ्ट त्यांच्या मजल्यावर न थांबता वर गेली की काकू बोलता बोलता गप्प व्हायच्या. एकदा माझा हात धरून म्हणाल्या होत्या, "मेधा, मला तिकडे नेताना मी शुद्धीवर असेन तर फार वाईट होईल गं."

भालेकर दर गुरुवारी त्यांच्यासाठी घरून केळं घातलेला शिरा आणत. आत येताच वाकून पाया पडत, आणि कॉरिडॉरमध्ये कोणी असलं तर जरा जास्त वेळ वाकत. मग ऐसपैस बसून काकूंच्या टेबलावरच्या पेनचं टोपण कानात फिरवत आणि तेच परत पेनाला लावत. काकू कधी बोलल्या नाहीत. ते गेल्यावर पेन टिश्यूत धरून मला देत आणि म्हणत, टाक गं. पण शिरा त्यांना आवडायचा. मराठीत बोलायला कोणी येतं याचंही अप्रूप होतं.

त्या वसंतात पहिल्या मजल्याचा कॉरिडॉर रंगवायला काढला. म्हणून त्या मजल्याच्या बेलचं पॅनेल बंद ठेवलं होतं. प्रत्येकाच्या मनगटावर एक बटण असतं. ते दाबलं की पॅनेल नेटवर्कवरून खालच्या डेस्कला कळवतं, तिथे खोलीचा नंबर उजळतो आणि केअरर, म्हणजे देखभालीच्या बायका, धावतात. पॅनेल बंद होतं तेवढे दिवस केअरर स्वतः खोल्याखोल्यांतून फेऱ्या मारत. तिथवर सगळं रीतसर होतं.

त्याच सुमाराला क्रिकेटचे सामने सुरू झाले. ऑफिसच्या इंटरनेटवर खेळ बघायला बंदी होती, फक्त बेलच्या यंत्रांसाठी राखलेल्या पत्त्यांना काही अडवणूक नव्हती. ती सूट भालेकरांनीच ठेवलेली. त्यांनी घरून टीव्हीचा एक छोटा बॉक्स आणला, स्टाफरूममधल्या टीव्हीला जोडला आणि बेलच्या रांगेतल्या एका पत्त्यावर हाक पाठवली. उत्तर आलं नाही. आलं नाही कारण ते पॅनेल रंगकामासाठी बंद होतं. भालेकरांनी तो पत्ता बॉक्सला देऊन टाकला आणि सामना सुरू झाला. लोकांनी त्यांचं कौतुक केलं, आणि ते पाय टेबलावर टाकून, मोजे काढून बसले.

जेवणानंतर इलेक्ट्रिशियन आला आणि त्याने पॅनेल चालू केलं. पॅनेलवर हिरवा दिवा लागला. दिवा हिरवा म्हणून केअररनी फेऱ्या थांबवल्या. मी चहाच्या वेळेला कप घेऊन स्टाफरूममध्ये गेले, तर भालेकर वैतागलेले. सामना सारखा अडकत होता, आणि स्क्रीनवर पाटी आली होती की हा पत्ता आधीच दुसरीकडे वापरात आहे. "कोण बसलं माझ्या पाटावर?" असं म्हणत त्यांनी रिमोटने दुसरा पत्ता टाकला. चित्र मोकळं झालं. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मी कप भरून परत आले, माझ्या डोक्यात काहीच आलं नाही, येण्यासारखं तेव्हा काही नव्हतंही.

काकूंना त्या दिवशी सर्दी होती, म्हणून त्या जेवायला खाली गेल्या नव्हत्या. जेवणानंतर बाथरूमला जायला उठल्या आणि पलंगाशेजारी पडल्या. चहा घेऊन गेलेल्या केअररला त्या सापडल्या, गारठलेल्या, स्वतःच्याच घाणीत. हाड मोडलं नव्हतं. पण त्या बाईंनी आयुष्यात कधी सुरकुतलेली साडी नेसली नव्हती. त्या वासाची त्यांना इतकी लाज वाटली की आठवडाभर मला खोलीत येऊ देईनात. दाराआडून एवढंच म्हणाल्या, "मी बेल दाबली होती. परत परत दाबली होती."

बेल तपासली, तर ती व्यवस्थित चालत होती. आता चालणारच होती. होमची मॅनेजर हेलन, सालस बाई. तिने वाईट वाटून मला सांगितलं की लीलाला बेल दाबायचं सुचलं नाही, आणि आपण दाबली असं मात्र तिला ठाम वाटतंय, हे लक्षण बरं नाही. तिच्या स्मरणशक्तीच्या तपासणीसाठी माणूस बोलावलाय, वरच्या मजल्यावर एक खोली रिकामी होतेय. हे काकूंनाही कळवलं होतं. त्यानंतर त्या लिफ्टचा आवाज ऐकत नुसत्या बसून असत.

काकूंनी मला पुन्हा येऊ दिलं त्यानंतरच्या गुरुवारी भालेकर शिरा घेऊन आले तेव्हा मी तिथेच होते. ते वाकले, पाया पडले, बसले. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"दिनकर, तू यंत्रातला माणूस. तूच सांग. मी बेल दाबली आणि ती खाली पोचली नाही, असं होऊ शकतं का?"

भालेकर डब्यातून शिरा काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"छे हो काकू. सिस्टिम माझी आहे. दाबलीच नसणार तुम्ही. वय झालं की होतं असं."

"मग मला आठवतंय ते काय आहे?"

"भास. खा, गरम आहे तोवर."

आणि त्यांनी चमचा चाटला आणि परत डब्यात खोचला. मी त्या चमच्याकडे बघत होते, आणि मला स्टाफरूममधला टीव्ही दिसला. माझ्या पाटावर कोण बसलं. तोच दिवस, तीच वेळ. काकू स्वतःच्या मनगटावरच्या बटणाकडे असं बघत होत्या की जणू ते दुसऱ्या कोणाचं आहे. इतका वेळ त्या आपल्या डोक्यावर विश्वास ठेवून जगाशी भांडत होत्या. त्या क्षणी त्यांनी भांडण सोडलं, हे मला समोर दिसलं.

खाली जाताना लिफ्टमध्ये मी सरळ विचारलं की त्या दिवशी टीव्हीला कोणता पत्ता दिला होतात. आधी म्हणाले, आठवत नाही. प्रत्येक प्रिंटरचा पत्ता पाठ असलेला माणूस हे म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मेधा, माझी रिटायरमेंट तोंडावर आलीय. आणि काकू आज ना उद्या वर जायच्याच आहेत. तिथे सोय चांगली आहे."

त्यांच्या तोंडाला वेलदोड्याचा आणि तुपाचा वास येत होता. साखरेच्या चमच्याने जे कधी झालं नव्हतं ते त्या वाक्याने झालं. दार उघडल्यावर मी टॉयलेटमध्ये जाऊन ओकले आणि तोंड धुऊन तशीच हेलनकडे गेले.

हेलनला पत्त्याबित्त्यातलं काही कळत नव्हतं. ती म्हणाली, तू म्हणतेस ते खरं असेल, पण मला दिसायला हवं. म्हटलं, दाखवते. एका केअररला काकूंच्या खोलीत बसवलं, दुसरी खालच्या डेस्कवर फोन कानाला लावून उभी राहिली. पॅनेलचा पत्ता पॅनेलच्याच स्क्रीनवर दिसतो, तो मी टीव्हीच्या बॉक्सला देऊन टीव्ही चालू केला. मग हेलन आणि मी वर गेलो. मी काकूंना म्हटलं, काकू, दाबा. त्यांना दाबवेना. खात्री गमावलेल्या माणसाचा हात कसा अडतो ते मी तेव्हा पाहिलं. मी पुन्हा म्हटल्यावर त्यांनी दाबलं. पॅनेलवर दिवा हिरवा. फोनवरून डेस्कची केअरर म्हणाली, काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. हेलनने पुढे होऊन स्वतः ते बटण दाबलं, परत परत दाबलं, आणि तिचा चेहरा उतरत गेला. मग मी खाली जाऊन बॉक्सची वायर काढली. हेलन बटण दाबतच होती, आणि मी वर पोचायच्या आत डेस्कवर काकूंच्या खोलीचा नंबर उजळलेला होता.

हेलन पलंगाच्या कडेवर बसली आणि तिने काकूंची माफी मागितली. तपासणी रद्द झाली, आणि वरची खोली दुसऱ्या कोणाला गेली. काकू रडल्या नाहीत. मला म्हणाल्या, दिनकरला हे ठाऊक होतं का? मी हो म्हटलं. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला आणि विषय बदलला.

भालेकरांचं काय झालं? काही झालं नाही, हेच तर. सगळे पत्ते त्यांच्या डोक्यात, त्यांना हाकललं तर उद्या काय बंद पडेल कोणाला माहीत नाही, म्हणून कंपनीने त्यांच्याशी फार जपून वागायचं ठरवलं. एक कॉन्ट्रॅक्टर आला. त्याने बेलचं नेटवर्क वेगळं केलं आणि बाकीच्यांना बुफे लावून दिला. भालेकर त्याच्या शेजारी बसून एकेक पत्ता सांगत, जणू दागिने काढून देत होते. मग त्यांना वेळेआधी मानाने रिटायर केलं. केक आणला. बेलबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. भालेकरांनी भाषणात सेवा हा शब्द वापरला आणि केक कापल्यावर सुरी चाटली.

त्यांचा शेवटचा दिवस नेमका गुरुवारी आला. मी काकूंकडे बसले होते तर दारात भालेकर, हातात डबा. मला वाटलं नव्हतं ते येतील. पण त्या माणसाला आपण आपल्या पंगतीत कोणाला तरी उपाशी ठेवलं असं कधी वाटतच नसणार. ते पाया पडायला वाकले. काकूंनी पाय ब्लँकेटखाली ओढून घेतले. भालेकरांचा हात तसाच सतरंजीवर टेकला.

"काकू, काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाला."

"असेल?" काकू म्हणाल्या.

भालेकर हसले. डबा उघडायला लागले. काकूंनी मनगट उचललं आणि त्यांच्याकडे बघत बटण दाबलं.

"काय हवंय काकू? मी देतो ना."

खाली दार आपटलं, जिन्यावर पावलं वाजली, कॉरिडॉरमधून जवळ आली, आणि केअरर आत येऊन म्हणाली, यू ऑल राइट, लीला? काकूंनी दुकानातल्या काउंटरवरचा आवाज काढला आणि तिला इंग्लिशमध्ये सांगितलं, की हे गृहस्थ निघालेत, त्यांना खालच्या दारापर्यंत सोड, आणि हा डबा त्यांचाच आहे, तोही दे. केअररने झाकण लावून डबा भालेकरांच्या हातात दिला. ते माझ्याकडे बघत राहिले, मी काहीतरी बोलेन म्हणून. मग डबा छातीशी धरून तिच्यामागून गेले. नंतर खिडकीतून ते कारपार्कमध्ये दिसले. गाडीशी उभं राहून त्यांनी डबा उघडला, बोटाने शिरा खाल्ला, बोट चाटलं आणि गाडीत बसले.

काकूंनी तिकडे पाहिलं नाही. त्या मनगटावरचं बटण दुसऱ्या हाताने झाकून बसल्या होत्या.

"वाजली ना गं?"

"वाजली, काकू."